जात : सुतार

अलामोसात ऑक्टोबरातच
सकाळी गाडीच्या काचा खरवडाव्या लागतात.
संग्रहालयाच्या तळघरात माझं काम एवढंच :
कप्पा ओढायचा, पक्षी मोजायचे,
पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी वाचायची,
जात, लिंग, आढळ, उंची, तारीख
संगणकाच्या चौकटींत भरायची.
सगळे उताणे. डोळ्यांच्या जागी कापूस.

आज सुतारपक्ष्यांचे दोन कप्पे.
पहिल्यात काळेकुळकुळीत,
गळ्याशी लाल बोट ओढलेलं, पोट पिवळंधमक.
दुसऱ्यात तपकिरी डोक्याचे,
अंगभर आडवे बारीक पट्टे, घोंगडीसारखे.

एलोइसा आर्चुलेटा कॉफीचा कप
कप्प्यांपासून हातभर लांब धरून म्हणाली,
"नवरा-बायको आहेत हे. माहितेय?
वीसेक वर्षं विद्वानांनी दोन वेगळ्या जाती म्हणून लिहून ठेवले होते.
मग कुणीतरी इथल्याच डोंगरात
झाडाखाली नुसता बसून राहिला,
आणि काळा बाहेर पडला त्याच ढोलीत
तपकिरी आत गेली."

वीस वर्षं.
आणि ती दोघं तोवर अंडी उबवत होती,
पिल्लांना मुंग्या भरवत होती,
आपण एकमेकांचे कुणी नाही
याची खबर नसलेली.

एलोइसा हसली. मी नाही हसले.
माझं आडनाव सुतार.
जात पडताळणी समितीपुढे आप्पा तिसऱ्या खेपेला उभे होते,
मी दाराशी, फाईल पोटाशी धरून.
पणजोबांच्या दाखल्यावर 'सुतार',
आजोबांच्या दाखल्यावर 'मिस्त्री',
आप्पांच्या वेळी मास्तरांना घाई होती,
त्यांनी नुसतं 'हिंदू' लिहून शाई टिपली.
साहेब म्हणाले,
हे तिघं एका घरातले कशावरून?
आप्पांनी उजवा हात पुढे केला,
तळव्यातला घट्टा दाखवला. पटाशीचा.
तो फाईलला लावता येईना
म्हणून पुढची तारीख मिळाली.

"पोटजातीही आहेत यांच्यात," एलोइसा सांगते,
"पूर्वेकडच्यांची चोच निमुळती."
किती निमुळती?
ती चिमूट दाखवते; चिमटीत काहीच दिसत नाही.
"काहीजण मानत नाहीत."
हे मात्र मला समजावून सांगावं लागलं नाही.

आढळ :
कॅनडाच्या खालच्या अंगापासून मेक्सिकोच्या वरच्या डोंगरांपर्यंत,
पण सलग नाही, ठिपक्याठिपक्यांनी.
विणीला उंचावरची पाइनची, देवदाराची रानं,
मधल्या कोरड्या मैदानांत कुणी नाही.
थंडीत माद्या नरांपेक्षा दूर दक्षिणेला जातात.
"म्हणजे नकाशे दोन?"
"हिवाळ्यापुरते," ती म्हणाली, आणि कप विसळायला गेली.

तपकिरी मादीच्या चिठ्ठीवर
पहिलं नाव अजून वाचता येतं.
पेन्सिलीने खोडलंय, पुसलेलं नाही.
मी तिला उचलून काळ्याशेजारी ठेवलं.
मग परत जागेवर ठेवलं.
कप्पा बदलायला अर्ज लागतो.

रविवारी आम्ही घाटाकडे वर गेलो.
पक्षी केव्हाच उतरून गेलेले.
एका पाइनवर मात्र भोकांच्या रांगा होत्या,
एकसारख्या अंतराने, सुताने रेघ मारून
गिरमिट फिरवावं तशा.
आप्पांना दाखवायला फोटो काढला.
त्यांनी रात्री विचारलं,
"भोकं बरोबर पाडलीत. पण एवढं करून
बनवतो काय तो?"
"काही नाही. रस पितो."
बराच वेळ फोनवर फक्त त्यांचा श्वास.
"मग ठीक आहे," म्हणाले.

एका भोकातला अर्धवट सुकलेला चीक
मी बोटाने चाचपून पाहिला होता.
दोनदा साबण लावूनही तो गेला नाही.
सोमवारी 'जात' या चौकटीत टाइप करताना
बोट अक्षरावर किंचित चिकटलं.